खर्ड्याचे रण आणि मुलांचे खेळ

अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात खर्डा हे गाव आहे. निंबाळकर सरदारांनी बांधलेला तेथील भुईकोट किल्ला अद्याप उभा आहे. 11 मार्च 1795 रोजी या परिसरात पेशवे व निजाम यांची लढाई झाली, आणि रात्री माघार घेऊन निजाम अलीने याच किल्ल्याचा आश्रय केला. शाळकरी मुलांस हे रण इतिहासाच्या पुस्तकातून परिचयाचे असे. आता त्यांच्या हाती दुसरेच रण आले आहे. मोबाइलच्या पडद्यावर मुलगा बंदूक रोखतो, शत्रू पाडतो आणि पुन्हा नवा डाव मांडतो. ते पाहून घरोघर एकच प्रश्न उठतो : हा खोटा रक्तपात उद्या खऱ्या रक्तपातास जन्म देईल काय?

हे भय नवे नव्हे. 1976 साली अमेरिकेत ‘डेथ रेस’ नावाचा खेळ निघाला. त्यात मोटारीखाली आकृत्या चिरडावयाच्या असत. त्यावर मोठा गहजब झाला. 1999 साली कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. ते ‘डूम’ हा खेळ खेळत असत, म्हणून पुष्कळांनी दोष त्या खेळाच्या माथी मारला. पुढे कॅलिफोर्निया संस्थानाने असे खेळ अल्पवयीनांस विकण्यास बंदी करणारा कायदा केला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली रद्द ठरविला; खेळामुळे मुले हिंसक होतात हे पुराव्याने सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयास दिसून आले.

शास्त्रज्ञांचा कौल काय आहे? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2015 साली असे नमूद केले की, अशा खेळांचा चिडखोर व आक्रमक वागण्याशी काही संबंध आढळतो. परंतु खून, मारामारी यांसारख्या गुन्ह्यांशी तो जोडण्याइतका पुरावा नाही. 2020 साली याच मताचा पुनरुच्चार झाला. जपान व दक्षिण कोरिया या देशांत हे खेळ अतोनात खेळले जातात, तरी तेथे खुनांचे प्रमाण अत्यल्प आहे. भारत सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये ‘पबजी’वर बंदी घातली, तीही देशाच्या सार्वभौमत्वाचे व सुरक्षिततेचे कारण देऊन, खेळातील हिंसेसाठी नव्हे.

मग खरी हिंसा उपजते कोठून? उत्तर खर्ड्याच्याच मातीत शोधावे. 1795 चे युद्ध कोणत्याही खेळातून उद्भवले नाही. चौथाईची थकबाकी हे त्याचे मूळ होते. तिचा हिशेब मागितला असता निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याने खुद्द नाना फडणविसांस हैदराबादच्या दरबारात आणविण्याची दर्पोक्ती केली. पैसा आणि मान यांपायी फौजा समोरासमोर आल्या.

याच खर्ड्यात 28 एप्रिल 2014 रोजी 17 वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा निर्घृण खून झाला. सवर्ण जातीतील मुलीशी तो बोलला, हेच त्याच्या जिवावर बेतले, असा आरोप होता. खटल्यात अनेक साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्या मुलास मारणारे हात न्यायालयात सिद्ध झाले नाहीत. पण तो मारला गेला, हे सत्य उरतेच. तेथे चर्चा झाली ती जातीच्या अहंकाराची. तो अहंकार पडद्यावर शिकावा लागत नाही. तो ओसरीवर, पंगतीत आणि सोयरिकीच्या बोलण्यात मुलांच्या कानी पडतो.

याचा अर्थ मुलांस मोकाट सोडावे असा नाही. खेळाचे अनावर व्यसन हा विकार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले आहे. मुलाची झोप, अभ्यास आणि सोबती यांवर वडीलधाऱ्यांची दृष्टी असावी. कोणत्या वयास कोणता खेळ योग्य, हेही त्यांनीच ठरवावे. परंतु मोबाइल काढून घेतला म्हणजे हिंसेचे मूळ उपटले, असे मानून स्वस्थ बसणे ही आत्मवंचना होय. पडद्यावर पडलेला शत्रू पुढच्या डावात पुन्हा उठतो. खर्ड्याचा तो विद्यार्थी उठला नाही. मुलाच्या हातातील खेळ तपासणाऱ्या घराने त्याच्यादेखत आपण कोणाविषयी काय बोलतो, हेही एकदा तपासावे.