बांद्याचे नबाब : एका घराण्याची कोशनोंद

एखाद्या उमराव घराण्याला ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद द्यावी, की त्यातील कर्त्या पुरुषांच्या चरित्रांवर भागवावे, हा प्रश्न वरवर पाहता संपादकीय सोयीचा वाटतो. वस्तुतः आपल्या इतिहासात कोणाला सामावून घ्यावयाचे, हा निर्णय त्याच्या उत्तरात दडलेला असतो. प्रस्तुत निबंधात बाजीराव-मस्तानीच्या वंशातील बांद्याच्या नबाब घराण्याच्या निमित्ताने त्याचा विचार करावयाचा आहे.

रशियन कोशकारांना या बाबतीत राज्यसंस्थेचा आधार होता. कॅथरिन दुसरी हिने १७८५ मध्ये उमराववर्गाला दिलेल्या सनदेनुसार प्रांतोप्रांती सहा भागांच्या वंशनोंदवह्या ठेवल्या जाऊ लागल्या. ब्रॉकहाउस-एफ्रॉन कोशात (१८९०–१९०७) अनेक घराण्यांच्या नोंदी चार-दोन ओळींच्याच आहेत : घराण्याचा उगम, त्याचा काळ आणि अमुक प्रांताच्या नोंदवहीतील अमुक भाग. पात्रतेचा निवाडा कोशकाराआधीच झालेला असे. आफ्रिकेतून आणलेल्या, पीटर महानाच्या दरबारात वाढलेल्या अब्राम हानिबालचे घराणेही याच व्यवस्थेत उमराव ठरले. ते पुश्किनचे आजोळ होय.

मराठी कोशकारापुढे अशी सर्वमान्य नोंदवही नव्हती. सनदा, सरंजाम, इनामे यांची दप्तरे होती, गो. स. सरदेसाई यांनी ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’ १९५७ मध्ये संपादित केल्या. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या चरित्रकोशांत मात्र व्यक्ती हाच घटक आहे आणि मध्ययुगीन व अर्वाचीन खंडांची सीमारेषा १८१८ ही आहे. गायकवाड, होळकर, शिंदे यांची राज्ये विसाव्या शतकापर्यंत टिकल्याने त्यांच्याविषयी शंका उद्भवत नाही. बांद्याचे घराणे मात्र या सीमारेषेवर दुभंगते.

बाजीराव-मस्तानीचा पुत्र समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतावर घायाळ होऊन जाटांच्या मुलुखात मरण पावला. त्याचा पुत्र अली बहादूर याला नाना फडणीसांनी उत्तरेत पाठविले. हिंमतबहादूर गोसाव्याच्या साहाय्याने त्याने बुंदेलखंडात सत्ता उभारली आणि १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात तो मृत्यू पावला. पुढील पिढीतील दुसऱ्या समशेर बहादुराने इंग्रजांशी लढून अखेर सालिना चार लाखांचे निवृत्तिवेतन स्वीकारले. त्यानंतरच्या जुल्फिकार अलीच्या काळात कलकत्त्याकडे निघालेला गालिब बांद्यास थांबला. तेथे त्याला प्रवासासाठी आर्थिक साहाय्य लाभले आणि तेथील सदर अमीन मुहम्मद अली खान यांना त्याने लिहिलेली फारसी पत्रे त्या प्रवासाचे महत्त्वाचे साधन ठरली. शेवटचा नबाब दुसरा अली बहादूर १८५७ च्या उठावात सामील झाला. एप्रिल १८५८ मध्ये व्हिटलॉकने त्याचा पराभव केला आणि पुढे त्याला इंदुरास ठेवण्यात आले.

स्वतंत्र नोंदीविरुद्ध दोन आक्षेप संभवतात. पहिला, या घराण्याची खरी सत्ता जेमतेम तपभर टिकली. दुसरा, ते पेशव्यांची शाखा असल्याने ‘पेशवे’ या नोंदीत दोन ओळी पुरेत. पहिला आक्षेप सत्तेलाच महत्त्वाचे एकमेव माप मानतो. दुसऱ्याला खुद्द इतिहासानेच उत्तर दिले आहे. बांद्याजवळच किरवी येथे राघोबादादांचे दत्तकपुत्र अमृतराव पेशवे यांचे कुटुंब राहत होते. व्हिटलॉकच्या फौजेने दोन्ही ठिकाणची संपत्ती घेतली आणि तिच्या वाटणीचा खटला लंडनच्या ॲडमिरल्टी न्यायालयात १८६६ मध्ये ‘बांदा आणि किरवी लूट’ या नावाने चालला. एक घर ब्राह्मणी, दुसरे मुसलमानी. जेत्यांच्या हिशेबात ती दोन्ही शेजारी बसली. आपल्या कोशात त्यांच्यामध्ये भिंत घालावयाचे कारण नाही.

मस्तानीची लोकप्रियता हाही नोंदीचा आधार मानता येणार नाही. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने (१९७२) आणि पुढे २०१५ च्या चित्रपटाने ती घरोघर पोचली; परंतु त्या प्रसिद्धीच्या झोतात समशेर बहादुरानंतरच्या पिढ्या अधिकच अंधारात गेल्या. हानिबाल घराण्याला पुश्किनच्या रूपाने स्वतःच्या वंशाविषयी लिहिणारा वारस मिळाला. बांद्याच्या वाट्याला प्रेमकथा आली, वंशकथा नव्हे.

तात्पर्य, सुट्या चरित्रांतून जे कळू शकत नाही ते घराण्याच्या नोंदीतून कळत असेल, तर ते घराणे स्वतंत्र नोंदीस पात्र होय. मराठ्यांचा उत्तरेतील विस्तार, कंपनीचे निवृत्तिवेतन, फारसी-उर्दू साहित्यव्यवहार आणि सत्तावनचा उठाव हे धागे एका वंशात कसे गुंफले गेले, हे समशेर बहादुराच्या किंवा अली बहादुराच्या एकट्याच्या चरित्रात दिसत नाही. म्हणून ‘बांद्याचे नबाब’ अशी नोंद हवी आणि ‘पेशवे’ या नोंदीतून तिच्याकडे निर्देश हवा. मराठी कोशाने एवढे केले, तर मराठ्यांच्या इतिहासातील एक शाखा नावाच्या परकेपणामुळे गळून पडणार नाही.