कट्टप्पा-प्रश्न

कट्टप्पा-प्रश्न : ‘कट्टप्पाने बाहुबलीला का मारलं?’ हा प्रश्न, आणि त्याला प्रेक्षकांनी तर्काने दिलेली उत्तरे. हैदराबादमध्ये घडलेल्या ‘बाहुबली’ या द्विखंडी चित्रपटाचा पहिला भाग 10 जुलै 2015 रोजी या प्रश्नापाशी थांबला. दुसऱ्या भागाने 28 एप्रिल 2017 रोजी त्याचे उत्तर दिले. मधल्या 658 दिवसांत तेलुगूत ‘कट्टप्पा बाहुबलिनि एंदुकु चंपाडु’, हिंदीत ‘कट्टप्पा ने बाहुबली को क्यों मारा’ अशा रूपांत तो देशभर विचारला गेला. क्रमशः येणाऱ्या कथेतील दडलेले दुवे शोधून पुढचे भाकीत करण्याची हौस भारतात याआधीही होती. मात्र एकाच प्रश्नावर इतक्या भाषांतील प्रेक्षक एकाच वेळी तर्क लढवत बसल्याचे असे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

पार्श्वभूमी : दिग्दर्शक एस. एस. राजामौली, कथाकार त्यांचे वडील व्ही. विजयेंद्र प्रसाद, निर्मितीसंस्था आर्का मीडिया वर्क्स. चित्रपट तेलुगू व तमिळ या दोन भाषांत चित्रित झाला. हिंदी व मल्याळममध्ये तो डब करण्यात आला. हिंदी आवृत्तीत नायकाची भूमिका करणाऱ्या प्रभासला शरद केळकर या मराठी अभिनेत्याचा आवाज होता आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य प्रेक्षकांनी हीच आवृत्ती पाहिली. साबू सिरिल यांनी उभारलेले कथेतील माहिष्मती नगरीचे सेट हैदराबादच्या पूर्वेला विजयवाड्याच्या रस्त्यावर असलेल्या रामोजी फिल्म सिटीत होते. कथा मुळात एकाच चित्रपटाची होती. लांबी आवरेना म्हणून तिचे दोन भाग करण्यात आले. दुसरा भाग 2016 मध्येच येईल असे आधी जाहीर झाले होते. तो लांबला आणि तर्कांना आणखी अवधी मिळाला.

प्रश्नाची जागा : धबधब्याखालच्या वस्तीत वाढलेला शिवुडू कडा चढून माहिष्मतीत पोहोचतो आणि पंचवीस वर्षे साखळदंडात असलेल्या आपल्या आईला, देवसेनेला, सोडवतो. त्याच्यावर चालून आलेला म्हातारा सेनानी कट्टप्पा (सत्यराज) त्याचा चेहरा पाहताच गुडघे टेकतो आणि त्याचे पाऊल आपल्या मस्तकावर घेतो. पुढे तोच शिवुडूला त्याच्या वडिलांची, अमरेंद्र बाहुबलीची, कथा सांगतो. कालकेय टोळीशी झालेले युद्ध, विजय, राजमाता शिवगामीने केलेली राजपदाची घोषणा, इथपर्यंत ती येते. अशा राजाला मारले कोणी, असे विचारल्यावर कट्टप्पा स्वतःचेच नाव घेतो. पाठीमागून तलवार खुपसल्याचे दृश्य क्षणभर दिसते आणि चित्रपट संपतो. अमरेंद्र ज्याला ‘मामा’ म्हणतो, ज्याच्या निष्ठेबद्दल तासाभरात तिळमात्र शंका उरलेली नाही, तोच मारेकरी निघतो. ‘कोणी मारले’ हे सांगून टाकल्यामुळे सगळी उत्सुकता ‘का’ या एका शब्दावर येऊन ठेपली.

कथेतील दुवे : उत्तराचे दोन्ही अर्धे भाग पहिल्याच चित्रपटात होते.

पहिला दुवा दास्याचा. शस्त्रांचा व्यापारी अस्लम खान (सुदीप) तलवार विकायला दरबारी येतो. तिची परीक्षा कट्टप्पा घेतो आणि स्वतःच्या तलवारीने ती निकालात काढतो. खूश झालेला अस्लम खान, असा वीर गुलाम कसा, असे विचारून त्याला सोडवून नेण्याची तयारी दाखवतो. कट्टप्पा नकार देतो: पूर्वजांनी माहिष्मतीच्या सिंहासनाला शब्द दिला आहे आणि त्या शब्दाने सगळे कूळ बांधलेले आहे. तो बांधील आहे तो सिंहासनाला, त्याच्यावर बसलेल्या माणसाला नव्हे, हा यातला कळीचा मुद्दा.

दुसरा दुवा अगदी सुरुवातीला येतो. पाठीत बाण रुतलेली शिवगामी (रम्या कृष्णन) तान्ह्या बाळाला, म्हणजे शिवुडूला, घेऊन गुहेतून बाहेर पडते, पाठलाग करणाऱ्या दोघा सैनिकांना मारते आणि नदीच्या लोंढ्यात सापडते. बुडता बुडता ती महादेवाला विनवते: माझ्या पापासाठी माझे प्राण घे, पण हे मूल जगले पाहिजे. तिचा हात तेवढा पाण्यावर राहतो, त्यावर बाळ. डोळ्यांपुढचे दृश्य इतके थक्क करणारे आहे की ‘पाप’ या शब्दाकडे पहिल्या खेपेला लक्ष जात नाही. राजमातेच्या पदरी कसले पाप, हा प्रश्न कट्टप्पा-प्रश्नाच्याही आधी विचारला गेलेला आहे. तोही दुसऱ्या भागापर्यंत अनुत्तरित राहतो.

तर्कांचे प्रकार : मधल्या काळातील उत्तरांचे ढोबळमानाने चार गट पडतात. (1) मृत्यू खोटा: मारल्याचे नाटक झाले, बाहुबली कुठेतरी जिवंत आहे. (2) सक्ती: अमरेंद्रचा चुलतभाऊ भल्लालदेव याने देवसेनेला किंवा राजमातेला ओलीस धरून कट्टप्पाला वार करायला भाग पाडले. (3) बाहुबलीचीच इच्छा: राज्य किंवा कुटुंब वाचवण्यासाठी त्यानेच मामाला वार करायला सांगितले. (4) आज्ञा: सिंहासनाचा हुकूम आला आणि दासाने तो पाळला. पहिल्या तिन्ही गटांत कथेला बाहेरून काहीतरी चिकटवावे लागते: लपलेला राजा, ओलीस धरण्याचा प्रसंग, एखादा गुप्त करार. चौथ्याला काहीच आणावे लागत नाही. अस्लम खानाशी झालेले बोलणे आणि नदीतली विनवणी शेजारी शेजारी ठेवली की पुरे. चौथ्या गटातही हुकूम कोणाचा याबद्दल मतभेद होते. काहींनी भल्लालदेवाचे नाव घेतले, तर काहींनी शिवगामीचे.

याखेरीज विनोदी उत्तरांचे पीक आले. दिग्दर्शकाने सांगितले म्हणून मारले, दुसरा भाग काढायचा होता म्हणून मारले, इथपासून महागाई, परीक्षेचा निकाल आणि क्रिकेटमधला पराभव असे सगळे कारण म्हणून पुढे करण्यात आले. पडद्याबाहेर माहिष्मतीचा संसार चालूच होता. हैदराबाद आणि महाराष्ट्र दोन्हीकडे गणेशोत्सवात बाहुबलीच्या रूपातल्या मूर्ती बसल्या.

फसलेला दुवा : अस्लम खानाच्या प्रसंगाने बरेच जण चकले. जाताना तो कट्टप्पाला मैत्रीचा शब्द देतो: कधी गरज पडली तर हाक मार. सुदीपसारखा एवढा नावाजलेला कलावंत एकाच प्रसंगासाठी कशाला घेतील, असा हिशेब करून दुसऱ्या भागात तो फौज घेऊन येणार असे अनेक जण धरून चालले. तो आलाच नाही. प्रसंग खरोखर कामाचा होता, मात्र व्यापाऱ्यासाठी नव्हे, त्याच्या प्रश्नामुळे कट्टप्पाच्या तोंडून निघालेल्या कबुलीसाठी. तर्क करणाऱ्यांची नजर पाहुण्यावर खिळली आणि यजमानाचे वाक्य निसटले.

उत्तर : दुसऱ्या भागात कुंतलची राजकन्या देवसेना (अनुष्का शेट्टी) हिच्यावरून शिवगामी आणि अमरेंद्र या मायलेकांत फूट पडते. शिवगामी भल्लालदेवाला (राणा दग्गुबाती) सिंहासन देते आणि पुढे अमरेंद्र व देवसेना यांना राजवाडा सोडावा लागतो. अमरेंद्र आता भल्लालदेवाच्या जिवावर उठला आहे, असे तिला कपटाने पटवून दिले जाते. उघड शिक्षा दिली तर प्रजा बंड करून उठेल. म्हणून ती कट्टप्पाला गुपचूप काम उरकायला सांगते आणि, तू मारणार नसशील तर मी मारीन, असेही बजावते. कट्टप्पा आज्ञा पाळतो. मरताना अमरेंद्र त्याला आपल्या आईला जपायला सांगतो. कपट उघडकीला येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. नदीतल्या ‘पापा’चा अर्थ इथे लागतो.

म्हणजे ‘का’ ओळखता येण्याजोगे होते आणि काहींनी ते ओळखलेही. ओळखता येण्यासारखे नव्हते ते ‘कसे’: मुलाला राजा करणारी आई त्याच्या मृत्यूची आज्ञा देण्यापर्यंत कोणत्या पायऱ्यांनी येते. दुसऱ्या भागाने आपला बहुतेक वेळ या पायऱ्यांवर खर्च केला. उत्तर पहिल्याच दिवशी सर्वतोमुखी झाले, तरी गर्दी ओसरली नाही. दहा दिवसांच्या आत जगभरातील उत्पन्न एक हजार कोटी रुपयांवर गेले. हा टप्पा गाठणारा तो पहिला भारतीय चित्रपट. प्रेक्षक केवळ कोड्याच्या उत्तरासाठी येत असते तर पहिल्या रविवारनंतर खुर्च्या रिकाम्या पडायला हव्या होत्या.

गुप्तता : दृश्य-परिणामांचे काम अनेक ठिकाणी वाटलेले असल्याने रहस्य सांभाळणे जिकिरीचे होते. नोव्हेंबर 2016 मध्ये दुसऱ्या भागातील युद्धप्रसंगाची काही मिनिटे बाहेर फुटली आणि पोलिसांनी एका तरुण तंत्रज्ञाला अटक केली. त्यातून कट्टप्पा-प्रश्नाचे उत्तर मात्र फुटले नाही. प्रदर्शनाआधी, एप्रिल 2017 मध्ये, पहिल्या भागाची हिंदी आवृत्ती पुन्हा चित्रपटगृहांत लावण्यात आली; दुवे नव्याने तपासायची संधी त्यामुळे मिळाली.

तुलना : भयकथांच्या क्षेत्रात हाच खेळ अधिक दीर्घकाळ चालतो. जोनाथन सिम्स यांनी लिहिलेली ‘द मॅग्नस आर्काइव्ह्ज’ ही ब्रिटिश श्राव्यमालिका मार्च 2016 ते मार्च 2021 या काळात पाच पर्वांत, 200 भागांत झाली. एका संस्थेचा दप्तरदार लोकांचे भीतिदायक अनुभव वाचून दाखवतो, एवढीच तिची बैठक. सुरुवातीला सुटे वाटणारे भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या नावांनी जोडले जातात. युर्गन लाइटनर या संग्राहकाचे नाव असलेली पुस्तके जिथे सापडतात तिथे अनर्थ होतो, हे श्रोत्यांनी टिपले आणि व्यक्ती, स्थळे व तारखा यांची कोष्टके मांडली. तिथे शंभर बारीक दुवे आहेत, पण एक ठळक प्रश्न नाही. ‘बाहुबली’त नेमके उलट. झी मराठीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ (2016) ही मालिका या दोहोंच्या मध्ये येते. कोकणातल्या नाईकांच्या वाड्यात अण्णांच्या मृत्यूने ती सुरू होते आणि दररोज रात्री घराघरांत संशयितांची यादी बदलत राहते. 2019 च्या दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेऊन अण्णा व शेवंता यांची कथा सांगितली. तिथेही ‘पुढे काय’ प्रेक्षकांना ठाऊक होते. ‘कसे’ एवढेच पाहायचे राहिले होते.

उत्तरकाळ : 2017 मध्ये आनंद नीलकंठन यांच्या ‘द राइज ऑफ शिवगामी’ या कादंबरीने माहिष्मतीचा पूर्वकाळ मांडायला सुरुवात केली. रामोजी फिल्म सिटीतील सेट पर्यटकांसाठी खुले झाले. 31 ऑक्टोबर 2025 रोजी दोन्ही भाग संपादित करून जोडलेला ‘बाहुबली: द एपिक’ हा सुमारे पावणेचार तासांचा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात प्रश्न आणि उत्तर एकाच बैठकीत भेटतात. तो पहिल्यांदाच पाहणाऱ्याला कथा पूर्ण मिळते. तर्क लढवायला लागणारे एकवीस महिने मात्र मिळत नाहीत. कट्टप्पा-प्रश्न जितका पटकथेने घडवला तितकाच त्या मधल्या अवधीने घडवला, हे या आवृत्तीमुळे स्पष्ट झाले.