मालाडची सरस्वतीदेवी

ओव्यांचं रेकॉर्डिंग करायला आम्ही गावोगाव जातो, तेव्हा एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "आवाज घ्या बाई, पण नाव सांगू नका." कुणाला सासऱ्यांची भीती, कुणाला भावकीची. आज ज्या बाईबद्दल बोलायचं आहे, तिचंही खरं नाव पडद्यावर आलं नाही. गाणी मात्र देशभर वाजली.

तिचं नाव खुर्शीद मिनोचर-होमजी. जन्म 1912चा, घर पारशी. मुलीला गाण्याची ओढ आहे हे ओळखून वडिलांनी तिला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे शिकायला घातलं. भातखंडे म्हणजे मुंबईचे, पेशाने वकील. त्या काळी गाण्याची विद्या घराण्याघराण्यांत कडीकुलपात असायची. उस्ताद आपल्या मुलाला किंवा लाडक्या शिष्यालाच ती द्यायचे. भातखंड्यांनी गावोगाव फिरून चिजा गोळा केल्या, त्या लिहून काढल्या आणि पुस्तकांत छापल्या. आम्हाला वाटतं, घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या मुलींना गाणं शिकायची वाट जी रुंदावली, त्यात या पुस्तकांचा वाटा मोठा आहे. खुर्शीद तर धृपद-धमार शिकली. हे भारदस्त, दमसासाचं गाणं, बाईमाणसाचं काम नव्हे असंच लोक म्हणायचे.

1927च्या जुलैत मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं. पुढे त्यावर खुर्शीद आणि तिची बहीण माणेक 'होमजी सिस्टर्स' या नावाने गाऊ लागल्या. रेडिओवर गाणं घरच्यांना आणि समाजाला चाललं. आवाजच तर जातो, तोंड कुठे दिसतं! माइकपुढे बसणाऱ्या आमच्यासारख्यांना यातली मेख लगेच कळते.

मग हिमांशु राय यांचं बोलावणं आलं. अंधेरी सोडून बोरिवलीकडे जाताना लोकलला मालाड लागतं. आज तिथे इमारतींची दाटी आहे, पण तेव्हा ते मुंबईच्या हद्दीबाहेरचं गाव होतं. तिथे 1934मध्ये राय आणि त्यांची पत्नी देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज उभी केली होती. खुर्शीदने संगीत द्यायचं आणि माणेकने पडद्यावर काम करायचं असं ठरलं. पहिला चित्रपट 1935चा 'जवानी की हवा'. पारशी मुली सिनेमात जाणार म्हटल्यावर समाजात गदारोळ उठला. निषेध झाला, चित्रपटच लागू नये म्हणून खटपटी झाल्या. गंमत अशी की, कंपनीच्या संचालकांमध्ये पारशी समाजातली बडी मंडळीही होती. बायकांच्या गाण्यावर नाक मुरडणारे कंपनीच्या नफ्यावर मुरडत नव्हते. शेवटी चित्रपट लागला, पण नावं बदलून. खुर्शीदची सरस्वतीदेवी झाली, माणेकची चंद्रप्रभा. सरस्वतीदेवी तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांची होती.

आता कामाचं सांगतो. नायिका देविका राणी, नायक अशोक कुमार. अशोक कुमार तिथे मूळचे लॅबमध्ये कामाला होते. दोघेही शिकलेले गवई नव्हते, आणि तेव्हा बहुतेक नटांना आपापलं गाणं आपणच म्हणावं लागे. धृपद शिकलेल्या बाईला न गाणाऱ्यांकडून गाऊन घ्यायचं होतं! तिने चाली सोप्या केल्या. ताना काढल्या, सूर चार-पाच पायऱ्यांतच फिरवला, रागाचा वास तेवढा ठेवला. सोपं करणं सोपं नसतं. भाकरी थापायला लेकीला शिकवताना आपल्याला ते कळतंच. एकदा बहिणीचा घसा बसला, तेव्हा सरस्वतीदेवीने स्वतः आडून गाऊन वेळ निभावली आणि बहिणीने नुसते ओठ हलवले.

1936चा 'अछूत कन्या' आमच्यातल्या काहींनी पाहिलेला आहे. रेल्वे फाटकावरच्या दलित माणसाची मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा, बालपणापासूनचे सोबती. त्यातलं झाडाखालचं दोघांचं गाणं इतकं साधं आहे की, एकदा ऐकलं की शेतात काम करतानाही गुणगुणता येतं. पुढे 'कंगन', 'बंधन', 'झूला' आले. त्यांत कुठे विरहाचं गाणं, कुठे थट्टेचं, तर कुठे पोरांना पाय आपटत चालायला लावणारं कूचगीत.

1940मध्ये हिमांशु राय गेले. पुढे सरस्वतीदेवीने मालाड सोडलं, सोहराब मोदींकडे काम केलं. हळूहळू नवे संगीतकार, नवे वाद्यमेळ आले आणि तिला काम मिळेनासं झालं. नंतर ती गाणं शिकवत राहिली. 1980मध्ये ती वारली.

'पडोसन'मधली ती जुगलबंदी तुमच्या घरातल्या पोरांनाही ठाऊक असेल. मेहमूद आणि किशोर कुमार एकमेकांवर कुरघोडी करतात ती. त्या गाण्याचं मूळ 1941च्या 'झूला'त आहे. 'झुमरू'त किशोर कुमारने म्हटलेलं एक उदास गाणंही त्याच्या थोरल्या भावाने, म्हणजे अशोक कुमारने, 1936च्या 'जीवन नैया'त सरस्वतीदेवीच्या चालीवर आधी म्हटलं होतं. आम्ही हे गटाच्या बैठकीत सांगितलं, तर एक आजी म्हणाल्या, "म्हणजे आमच्या ओवीसारखंच की. गाते कोण, बांधली कोणी, पत्ता नाही."

त्याच आजींची ओवी पुढच्या भागात लावणार आहोत. नाव सांगायला त्या तयार झाल्या आहेत, पण माहेरचं.