रिकाम्या जागा मोजणारा त्रिकोण

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा हा पट्टा मध्य प्रदेशात असला तरी वळणाने नागपूरचा. इथलं काय किंवा पुण्यातलं काय, प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेलं पोर फॉर लूपशी आलं की दोन-तीन दिवसांत त्याच्यापुढे ताऱ्यांचा हा त्रिकोण उभा राहतो:

*
**
***
****


लुपात लूप. बाहेरचा ओळी मोजतो, आतला त्या ओळीतले तारे. ओळ बदलायची आज्ञा चुकून आतल्या लुपात गेली की तारे एकाखाली एक रांगेत उभे राहतात. ती विसरलीच, तर दहाही तारे एका ओळीत.

याचं कूळ शोधताना आपल्याला आधी आठवते ती ठिपक्यांची रांगोळी. ‘9 ते 5’ एवढंच सांगा, रांगोळी काढणारी पुढचं विचारणार नाही. मधल्या ओळीत 9 ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत 5 पर्यंत, प्रत्येक ठिपका आधीच्या दोघांच्या मध्ये. एकूण 61. दिसायला हे ताऱ्यांचंच भावंड, पण मला हे नातं दूरचं वाटतं. रांगोळी मधून सुरू करता येते, मग वर जायचं की खाली, ही आपली मर्जी. डावीकडची रिकामी जमीन कोणी मोजत नाही.

पोरांचा घाम निघतो तो नेमका या रिकाम्या जागेपाशी. पाच ओळींचा पिरॅमिड घ्या. तारे 1, 3, 5, 7, 9. पण प्रत्येक ओळीत त्यांच्या आधी 4, 3, 2, 1, 0 मोकळ्या जागा सोडाव्या लागतात, आणि त्यासाठी आतमध्ये आणखी एक लूप. हे का? कारण सी भाषा 1972 च्या सुमारास बेल लॅबमध्ये आकाराला आली तेव्हा तिथे समोर टेलिटाइप होता: टंकयंत्रासारखा, कागदावर ठोकत जाणारा. ओळ संपली की कागद वर सरकला, मागे फिरणं नाही. सीमधल्या प्रिंटएफ या आज्ञेच्या नावातला ‘प्रिंट’ अक्षरशः छापण्याचा आहे. कागद गेला, पडदा आला, तरी वरून खाली ओळीओळीने जायची ती सवय राहिली.

मागे न फिरणारं आणखी एक यंत्र लोधीखेड्याच्या ओळखीचं आहे: हातमाग. ताणा ताणलेला, धोटा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जातो, फणी ठोकली की ती ओळ पक्की. भंडारा-नागपूरकडच्या करवतकाठी लुगड्याचा काठ पाहा. तिथे तीन धोटे चालतात, दोन काठांचे आणि एक अंगाचा. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा जिथे एकमेकांत अडकतात ती जागा विणकर काही धागे पुढे, मग मागे सरकवत नेतो आणि करवतीचे दात उमटतात. किती धागे काठाचे आणि किती अंगाचे, दोन्ही मोजावं लागतं. ताऱ्यांचा सख्खा चुलता मला इथे दिसतो.

मागाचं हे नातं कागदोपत्रीही आहे. बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रावर एडा लव्हलेसने 1843 मध्ये टिपणं लिहिली, त्यांत जॅकार्डच्या मागाची तुलना आहे आणि चक्राच्या पोटात चक्र चालवण्याची कल्पनाही आहे. पुढचं भराभर: झ्युरिकच्या रुटिशाउझरने 1951 मध्ये या चक्राला ‘फ्युर’ हा शब्द दिला, इंग्रजीत तोच ‘फॉर’. 1957 च्या फोरट्रानमध्ये तो ‘डू’ होता. आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावं फोरट्रान पूर्णांक धरत असे. आजची पोरं आय आणि जे लिहितात ती रीत तिथलीच. आयआयटी कानपूरला 1963 मध्ये आयबीएम 1620 आलं आणि फोरट्रान आपल्याकडे वर्गात शिकवली जाऊ लागली.

सी मात्र भारतातल्या लाखो पोरांना भेटली ती नागपूरमार्गे. तिथल्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ हे पुस्तक. त्यातल्या लुपांच्या स्वाध्यायात ए ते जी आणि पुन्हा ए अशी अक्षरांची ओळ आहे, खाली उतरताना मधोमध फाकत जाणारी. दुसऱ्या ओळीपासून मधल्या रिकाम्या जागा 1, 3, 5 अशा 11 पर्यंत वाढतात. हेच सूत्र पहिल्या ओळीला लावलं तर रिकाम्या जागा उणे एक येतात. तिथे जी एकदाच छापायचा असतो.