हे कशावरून?

आमच्या घरात 'चिकित्सा' हा शब्द कधी कौतुकाने वापरला गेल्याचं मला आठवत नाही. "फार चिकित्सा करू नकोस, पानात पडलंय ते खा," किंवा "स्थळ चांगलं आहे, माणसाने इतकं चिकित्सक असू नये," अशाच वाक्यांत तो यायचा. गंमत म्हणजे हाच शब्द वैद्याच्या दारात गेला की त्याचा अर्थ उपचार होतो. तिथे दोष शोधायचा तो माणूस बरा व्हावा म्हणून. घरी येईपर्यंत त्यातला उपचार कुठेतरी गळून पडतो आणि खोड तेवढी उरते.

हे आठवायचं कारण म्हणजे ऑफिसांमध्ये होणारी 'क्रिटिकल थिंकिंग'ची प्रशिक्षणं. नोकरीत पुढे जायचं असेल आणि टीम बळकट करायची असेल तर हे कौशल्य हवंच, असं तिथे सांगतात. ते खरंच आहे. पण हे सगळं परवा-परवा परदेशातून आलं असा जो सूर असतो, तो मला पटत नाही. मी डोंबिवलीहून रोज ठाण्याला नोकरीसाठी येणारा माणूस. ज्या ठाण्यात आपण लोकलमधून उतरतो आणि रिक्षाच्या रांगेकडे धावतो, त्याच गावात या कौशल्याचा एक उत्तम नमुना सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याच्याकडे यायचं तर आधी पुण्याला जायला हवं.

कॅप्टन ग्रँट डफ यांनी १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. साताऱ्याला रेसिडेंट असताना त्यांनी भरपूर कागद पाहिले होते, कष्टही खूप घेतले होते. लवकरच त्याचं मराठी भाषांतर झालं, आणि आपल्या पूर्वजांचा इतिहास आपली मुलं त्यातूनच शिकू लागली. लिहिणारा साहेब, राज्य साहेबाचं, पुस्तक जाडजूड... विचारणार कोण?

विचारलं ते नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने. १८६८ मध्ये पुण्यातल्या तरुणांच्या एका सभेत त्याने या ग्रंथावर टीका करणारा निबंध वाचला, आणि तो 'विविधज्ञानविस्तारा'त छापूनही आला. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. 'साहेब आपला शत्रू, म्हणून त्याचं सगळं खोटं' असा सोपा रस्ता त्याने धरला नाही. लेखकाने काय पाहिलं, काय पाहिलं नाही, लढायांच्या हकिकतींत लोकांची स्थिती कुठे हरवली, असं त्याने विचारलं. म्हणजे प्रश्न विधानाला होता, माणसाला नव्हता.

पण नुसता प्रश्न विचारून भागत नाही, उत्तरासाठी पुरावा लागतो. तो गोळा करायला निघाले वि. का. राजवाडे. वाईला त्यांना पेशवाईतल्या पत्रांचं घबाड मिळालं आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या, म्हणजे पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रं आहेत. पत्रांतल्या तारखांशी त्यांनी ग्रँट डफच्या तारखा ताडून पाहिल्या आणि चुका दाखवल्या. आपल्याच बखरींनाही सोडलं नाही. घटनेच्या वेळी लिहिलेली एखादी फाटकी चिठ्ठी, शंभर वर्षांनी लिहिलेल्या दहा बखरींपेक्षा भारी, असं त्यांच्या पद्धतीचं सार सांगता येईल. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले.

आता ठाण्याला येऊ. विनायक लक्ष्मण भावे हे विज्ञानाचे पदवीधर आणि व्यवसाय मिठाचा. साहित्याशी पोटापाण्याचा संबंध नाही. १८९३ साली, वयाची बाविशीही पुरी झालेली नसताना, त्यांनी मित्रांना जमवून ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं. मराठीत छापलेलं जेवढं मिळेल तेवढं एका जागी आणायचं, ही कल्पना. कारण साधं आहे. पुस्तकच समोर नसेल तर वाद घालणार कशावर? तेव्हा मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो.

पुढे १८९८ च्या सुमारास भाव्यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. पहिल्यांदा तो अगदी लहान होता. त्या काळी मराठीच्या जुन्या वाङ्मयातलं एक मोठं दालन कुलूपबंद होतं. महानुभाव पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिलेल्या असायच्या. अक्षरं ओळखीची दिसली तरी एका अक्षराच्या जागी दुसरंच घातलेलं, त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाचून काही कळायचं नाही. आणि जे कळत नाही त्याविषयी माणसं काय करतात? अफवा पसरवतात. या पंथाबद्दल लोकांत कितीतरी गैरसमज होते, आणि ते बाळगणाऱ्या बहुतेकांनी त्यातली एक ओळही वाचलेली नव्हती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे आणि भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या लिपीची उकल केली आणि आत काय आहे ते बाहेर आलं. तेराव्या शतकातलं मराठी गद्य, काव्य, माणसांची रोजची बोली! आता भाव्यांपुढे प्रश्न आला असणार. त्यांचं पुस्तक तर आधीच छापलेलं होतं. 'ही मंडळी काही विशेष नाहीत' म्हणून गप्प बसता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. १९१९ साली 'सारस्वत' पुन्हा, कितीतरी वाढवून काढलं आणि त्यात महानुभाव कवींना त्यांची जागा दिली. नंतर १९२४ मध्ये दामोदर पंडितांचं 'वच्छाहरण'ही छापलं.

माझ्या मते प्रशिक्षणात दोन दिवस जे शिकवतात ते एवढंच आहे. नवा पुरावा आला की आपलं जुनं पान बदलायचं. दुसऱ्याचं बदलायला सगळेच तयार असतात, बरं का!

आता जरा आजच्या काळात येतो. ठाण्याच्या आसपासच्या एका कारखान्यातली बैठक मी पाहिली आहे. नाव कशाला सांगू? तिथे उष्णता-प्रक्रिया केलेले सुटे भाग बरेच बाद होत होते. खापर कच्चा माल देणाऱ्या एका लहान वर्कशॉपवर फुटलं होतं आणि पुरवठादार बदलायचं जवळपास ठरलंही होतं. नव्याने लागलेल्या एका मुलीने विचारलं, "माल खराब आहे, हे कशावरून?" खोलीत शांतता. मग एक वरिष्ठ म्हणाले, "पहिले सहा महिने ऐकायला शीक." ती गप्प बसली, पण पाळ्यांची रजिस्टरं घेऊन गेली. बाद झालेला माल बहुतेक साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीतला होता. भट्टी पुरेशी तापायच्या आतच पहिला घाणा आत जात होता! मालात काही दोष नव्हता. ते वर्कशॉप वाचलं, आणि त्यावर चालणारी पाच-सहा घरंही वाचली.

तिला शाबासकी मिळाली. पण वर्षअखेरीच्या मूल्यमापनात शेरा आला: 'जरा जास्तच चिकित्सक.' वर्षभरात ती तिथून गेली. आज दुसरीकडे गुणवत्ता विभागाची प्रमुख आहे. म्हणजे तिचं करिअर या एका सवयीवर पुढे गेलं, आणि जी टीम ती सवय सांभाळू शकली नाही, तिने एक चांगलं माणूस घालवलं.

म्हणूनच मला वाटतं की चिकित्सा हा एकट्याचा गुण असून पुरत नाही, तिला घर लागतं. राजवाड्यांनी १९१० साली खंडेराव मेहेंदळे यांच्यासोबत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं. तिथल्या पाक्षिक सभांत अभ्यासक आपला निबंध वाचत आणि बाकीचे त्याची झडती घेत. झडती कागदाची असायची, आणि पुढच्या पंधरवड्याला माणसं पुन्हा एकत्र बसायची. स्वतः राजवाडे स्वभावाने तापट होते. मंडळाशी मतभेद होऊन ते दूर झाले, आणि १९२६ साली धुळ्याला वारले. कागदाशी काटेकोर असलेला माणूस माणसांशी जमवून घेईलच असं नाही. मंडळ मात्र टिकलं, कारण तिथे प्रश्न विचारण्याची रीत एका माणसाच्या स्वभावावर अवलंबून राहिली नव्हती. शंभरी ओलांडून ते आजही उभं आहे.

ऑफिसात रीत घालायची म्हणजे काय मोठं करायचं असतं? प्रत्येक आकड्याखाली तो कुठून आला ते लिहायचं. सर्वांत नव्या माणसाला आधी बोलू द्यायचं, साहेबांनी शेवटी. आणि 'हे कशावरून?' हा प्रश्न विचारणाऱ्याकडे वळून न बघता समोरच्या कागदाकडे बघायचं. एवढं जरी झालं तरी पुष्कळ.

असो. भावेही १९२६ सालीच गेले. त्यानंतर अभ्यास पुढे सरकत राहिला, आणि शं. गो. तुळपुळे यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'ला भलीमोठी पुरवणी जोडली. मूळ मजकूर भाव्यांचा, पुढची भर तुळपुळ्यांची, आणि दोन्ही एकाच बांधणीत. भाव्यांनी स्वतःच्या पुस्तकाला एकदा जे केलं, ते पुढे दुसऱ्याने केलं. ते पुस्तक आजही भाव्यांच्याच नावाने ओळखलं जातं.