लुआरचे द्राक्ष आणि भीमेकाठचे ताट

भवानी पेठेत बसून वाइनविषयी लिहायचे म्हटले, की आम्हांस आधी शिंदी आठवते. गांधीजींच्या अटकेनंतर, ८ मे १९३० रोजी, सोलापूरचे लोक रूपाभवानीच्या परिसरातील शिंदीची झाडे तोडावयास गेले. त्या दिवशी गोळीबार झाला, चारच दिवसांत शहरावर लष्करी कायदा आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. जेथे मद्याचे झाड तोडणे हाच स्वातंत्र्याचा उच्चार होता, तेथे ताटाशेजारी पेला ठेवण्याची भाषा सहज रुजणार नाही.

आणि तरीही याच जिल्ह्यात, अकलूजच्या परिसरात, २००० नंतरच्या पहिल्या दशकात फ्रातेल्ली या भारतीय-इटालियन भागीदारीने फ्रान्समधून कलमे आणून मळे लावले. तेथे ज्या पांढऱ्या वाइन होतात, त्यांत शेनिन ब्लाँही आहे. नाशिकच्या सुलाने २००० साली बाजारात आणलेल्या पहिल्या वाइनमध्येही हेच वाण होते. ते मूळचे फ्रान्समधील लुआर नदीच्या खोऱ्यातले. दक्षिण आफ्रिकेत ते ‘स्टीन’ या नावाने शतकानुशतके नांदले. उन्हातही त्याचा आंबटपणा टिकतो, म्हणून ते आपल्याकडे चालले. लुआरला काढणी शरदात होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून खरड छाटणी आणि फळछाटणी अशा दोन छाटण्या करून काढणी जानेवारी ते मार्चमध्ये आणावी लागते.

सोलापूरला द्राक्ष नवे नव्हते. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधून निवडलेले ‘सोनाका’ सर्वांना ठाऊक आहे. पण ते खाण्याचे आणि बेदाण्याचे द्राक्ष. आपण द्राक्ष खात आलो. लुआरने ते प्यायले, आणि पिताना शेजारी जे पिकत होते ते खाल्ले: नदीतला मासा लोण्याच्या सॉसमध्ये, बकरीच्या दुधाचे चीज. जोडी जुळली ती शेजारधर्माने. पुढे तिचा नियम झाला.

म्हणून नियम न आणता त्यामागचे कारण आणावे. आंबटपणा स्निग्धता कापतो. किंचित गोडी तिखटाची धार बोथट करते. अल्कोहोल मात्र ती वाढवते. उजनीच्या तळलेल्या माशाशी कोरडी शेनिन जुळते, कारण तेथेही नदी, मासा आणि स्निग्धता आहेच. शेंगाच्या चटणीत तेल आणि तिखट दोन्ही. तिला किंचित गोड, गार शेनिन हवी. शेंगापोळीपुढे कोरडी वाइन नुसती आंबट लागते. काळ्या मसाल्याच्या झणझणीत मटणाला ताकच बरे, असे आमचे मत आहे.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा एका बाजूस शेतकऱ्याचे हित होते आणि दुसऱ्या बाजूस घराची भीती. ती भीती आम्ही अडाणी मानत नाही. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात गेलेली जिने पाहिली, त्या विडी वळणाऱ्या बाईस शिंदी आणि शेनिन यांतील फरक कोणत्या तोंडाने सांगावा? चवीची चर्चा पोट भरल्यावरची असते. ती जरूर करावी. मात्र ज्या पेठेत आपण बसलो आहोत, तिचा इतिहास ताटाबाहेर ठेवून नव्हे.