साध्या संगणकावर एचडी चित्रफितीचे संपादन

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हे कापसाच्या पट्ट्यातील तालुक्याचे गाव. अशा ठिकाणी लग्नसमारंभाचे चित्रण करणाऱ्या व्यावसायिकाकडे एचडी कॅमेरा येतो, संगणक मात्र बहुधा जुनाच राहतो. संपादनाला बसले की चित्र अडखळते, आवाज पुढे निघून जातो आणि एक कट नेमक्या जागी देण्यासाठी पाच वेळा मागेपुढे करावे लागते. नवा संगणक घ्यावा तर लग्नसराईची कमाई त्यातच खर्ची पडते. आहे त्याच संगणकावर हे काम सुरळीत करण्याची एक रीत आहे आणि तिला वेगळा खर्च जवळपास येत नाही.

अडखळण्याचे कारण

एचडीच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. डीव्हीडीच्या ७२० गुणिले ५७६ बिंदूंच्या चौकटीच्या हे बरोबर पाचपट. सेकंदाला २५ चौकटी आणि प्रत्येक बिंदूला तीन बाइट धरल्यास दर सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट माहिती होते. एवढी माहिती साठवणे परवडत नाही, म्हणून कॅमेरा ती आवळून ठेवतो. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एच.२६४ पद्धतीत काही ठरावीक चौकटीच पूर्ण नोंदल्या जातात. मधल्या चौकटींत शेजारच्या चौकटींच्या तुलनेत काय बदलले तेवढेच लिहिलेले असते. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेली एव्हीसीएचडी पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

चित्रफीत सलग पाहताना यात अडचण येत नाही. संपादक मात्र मधल्याच चौकटीवर थांबतो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. दर वेळी प्रोसेसरला आधीची पूर्ण चौकट गाठून तिथपासूनचे बदल उलगडावे लागतात. २०१३ मधील एच.२६५ पद्धतीत फाइल आणखी लहान होते, पण उलगडण्याचा भार वाढतो. नव्या मोबाइलवरचे चित्रण जुन्या संगणकाला अधिक जड जाते ते यामुळेच.

पर्यायी प्रतीचा उपाय

मूळ चित्रणाची हलकी प्रत तयार करायची, सगळी कापाकापी तिच्यावर करायची आणि अंतिम फीत मात्र मूळ चित्रणातून काढायची, हा तो उपाय. या प्रतीला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. कल्पना जुनी आहे. चित्रपटाच्या फितीच्या काळातही संपादक निगेटिव्हला हात न लावता तिच्या कामचलाऊ प्रतीवर काम करीत आणि शेवटी फितीच्या कडेवरील क्रमांकांच्या आधारे निगेटिव्ह कापली जाई. मालेगावात शेख नासिर यांनी विडंबनपट करताना दोन व्हीसीआर जोडून संपादन साधले होते. त्या धडपडीवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. व्हीसीआरवर प्रत्येक नकलेबरोबर चित्र फिके होत असे. प्रॉक्सीत तो तोटा नाही, कारण अंतिम फितीत तिचा एकही बिंदू जात नाही.

प्रत्यक्ष रीत

केडेनलाइव्ह आणि शॉटकट या मोफत प्रणालींत प्रॉक्सीची सोय आहे. प्रथम मेमरी कार्डावरील सर्व फाइली हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. कार्डावरून थेट संपादन करू नये. नंतर प्रकल्पाच्या मांडणीत प्रॉक्सीचा पर्याय सुरू करावा. ९६० गुणिले ५४० बिंदूंची प्रत घेतली तर चौकटीतील बिंदू एक चतुर्थांशावर येतात. प्रती तयार होण्यास वेळ लागतो. ते काम रात्री लावून ठेवणे सोयीचे. शक्य असल्यास प्रॉक्सी एसएसडीवर आणि मूळ चित्रण साध्या डिस्कवर ठेवावे. रंगसुधारणा आणि भारी इफेक्ट कापाकापी संपल्यावरच लावावेत.

घ्यावयाची दक्षता

मोबाइलच्या चित्रणात सेकंदाला येणाऱ्या चौकटींची संख्या कमीजास्त होत राहते, त्यामुळे लांबलचक फितीत ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटतो. असे चित्रण आधी स्थिर गतीत बदलून घ्यावे. मूळ फाइलींची नावे किंवा जागा मध्येच बदलू नये. तसे केल्यास प्रणालीला त्या सापडत नाहीत. चित्र नीट फोकसमध्ये आहे की नाही हे प्रॉक्सीवर कळत नाही. ते मूळ चित्रणातच तपासावे. अंतिम फीत तयार होत असताना वीज गेली तर तासन्‌तासांचे काम वाया जाते. त्यासाठी यूपीएस हवा आणि कार्यक्रमाचे तुकडे पाडून एकेक भाग वेगळा तयार करावा.

सर्वांत महत्त्वाची काळजी मूळ चित्रणाची. प्रॉक्सी बिघडली तर दुसरी करता येते, मंगलाष्टकांचा क्षण पुन्हा चित्रित करता येत नाही. मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर उतरून त्या उघडून पाहिल्याखेरीज मेमरी कार्ड पुसू नये.